पाच प्रश्न, पंचवीस गुण

गेल्या आठवड्यात लिंगाला ताठरता कशी येते आणि त्यात रक्तवाहिन्यांचा, नसांचा वाटा काय, हे पाहिलं. ती कमी झाली आहे हे डॉक्टरला कळायचं कसं? साखर रक्तात सापडते, रक्तदाब पट्टा बांधून कळतो. ही माहिती मात्र ज्याची त्यालाच असते, आणि सांगायला त्याची जीभ रेटत नाही. मुळशीतल्या पौडच्या दवाखान्यात कोळवणचा माणूस जातो तेव्हा बाकावर शेजारी त्याच्याच खोऱ्यातलं कुणीतरी बसलेलं असतं. मग तो अशक्तपणाचं औषध मागतो नि परत येतो.

ही अडचण जुनी आहे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाला (१९२७ ते १९५३) वाचक लैंगिक शंका पत्रांतून विचारत. समोरासमोर जे बोलवत नाही ते कागदावर उतरतं. प्रश्नावलीचा सगळा आधार हाच आहे.

ताठरता मोजायला आज जगभर वापरली जाणारी प्रश्नावली रेमंड रोझेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राच्या चाचण्या तेव्हा चालू होत्या आणि औषधाने फरक पडतो का, हे मोजायला माप हवं होतं. तिच्यात मागच्या चार आठवड्यांबद्दलचे १५ प्रश्न होते. १९९९ मध्ये तिचं पाच प्रश्नांचं छोटं रूप आलं. ते मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारतं : ताठरता येईल आणि टिकेल असा भरवसा किती वाटतो, ती प्रवेशापुरती येते का, नंतर टिकते का, शेवटपर्यंत टिकवणं किती अवघड जातं, संभोग किती वेळा समाधानाचा होतो. एकूण गुण २५. २२ किंवा अधिक असतील तर चिंता नाही. २१ किंवा कमी असतील तर तपासणी हवी. ७ किंवा त्याहून कमी म्हणजे तीव्र दोष.

इथे नीट थांबून पाहायला हवं. मुंबईत डबे पोचवणारी बरीच माणसं मावळ-मुळशीकडची. समजा, त्यांतला एक जण खोलीवर राहतो, बायको गावी शेती पाहते आणि गेल्या सहा महिन्यांत दोघांना एकांत मिळालेलाच नाही. पहिल्या प्रश्नाला तो 'पूर्ण भरवसा आहे' म्हणतो, मिळाले ५. उरलेल्या चारही प्रश्नांना उत्तर 'संबंध आला नाही'; त्याचे गुण शून्य. बेरीज ५, म्हणजे कागदाप्रमाणे तीव्र दोष! माणूस ठणठणीत आहे. विधुर, अविवाहित, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेला, या सगळ्यांची हीच गत होते. म्हणून संबंध आला होता का, हे आधी विचारल्याशिवाय बेरीज करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

उलटही घडतं. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये रवी वर्मा, स्टीफन शेन्सुल आणि सहकाऱ्यांनी पुरुषांच्या तक्रारींचा अभ्यास केला. तिथे पुरुष 'गुप्तरोग' म्हणत त्यात संसर्गाबरोबर कमजोरी, धातू जाणं, शीघ्रपतन हेही असे. धातू जाण्याच्या भीतीने झोप उडालेल्या तरुणाला या पाच प्रश्नांत २५ पैकी २५ मिळू शकतात. त्याच्या काळजीबद्दल त्यात एकही प्रश्न नाही. शीघ्रपतनासाठी वेगळी पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे, पण ती हातात कुणी दिली तर!

कागद कोण वाचून दाखवतो, यानेही उत्तर बदलतं. ज्याला वाचता येत नाही त्याला गावातल्याच आशाताईंनी हे प्रश्न विचारले, तर खरं उत्तर येणार नाही. त्यात दोष ना त्याचा, ना ताईंचा. अनोळखी पुरुष कर्मचारी आणि बंद दाराची खोली, एवढं तरी हवंच. भाषाही घरातली हवी. 'प्रवेश', 'संभोग' हे शब्द छापायला ठीक, पण समजले का, हे एकदा विचारावं लागतं.

एवढं करून गुण खरंच कमी आले, तर ती सुरुवात समजावी. कारण काय, ते प्रश्नावली सांगत नाही. पहाटे ताठरता येते का, तंबाखू किती, कुठली औषधं चालू आहेत, मन कशात अडकलंय, हे डॉक्टरांना बोलूनच काढावं लागतं. मग साखर आणि रक्तदाब तपासायचे. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून बिघाड पुष्कळदा तिथे आधी दिसतो आणि छातीत दुखणं काही वर्षांनी सुरू होतं. चाळिशीतल्या माणसाने हा इशारा 'वय झालं' म्हणून सोडून देणं मला फार धोक्याचं वाटतं.

तेव्हा वाचकहो, फोनवर ही प्रश्नावली भरून कमी गुण दिसले म्हणून दुकानातून परस्पर गोळी घेऊ नका. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट चालू असेल तर सिल्डेनाफिलने रक्तदाब एकदम खाली जाऊन जीव जाऊ शकतो. उत्तरं लिहिलेला कागद घडी घालून खिशात ठेवा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडाने काही बोलला नाहीत तरी चालेल.