ताळा

शाळेत भागाकार शिकवताना उत्तर आलं की मी मुलांना आणखी एक ओळ लिहायला लावायची : भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. म्हणजे ताळा. मुलांना ती शिक्षाच वाटे. पण त्या ओळीची गंमत अशी की बरोबर उत्तर काय, हे कुणालाही माहीत नसलं तरी ती जुळली नाही म्हणजे कुठेतरी चुकलंय, एवढं नक्की कळतं.

हा ताळा मला पुन्हा भेटला तो इथे गोथेनबर्गला आल्यावर, आणि तोही संगणकाच्या गोष्टीत. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे ‘टेस्टिंग’ हा शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेला आहे. त्याची नेहमीची रीत परीक्षेसारखी असते. चार-दोन उदाहरणं घ्यायची, त्यांची उत्तरं आधी लिहून ठेवायची आणि प्रोग्रॅमची उत्तरं त्यांच्याशी ताडून पाहायची. यात पेपर काढणाऱ्याला जेवढं सुचलं तेवढंच तपासलं जातं. प्रोग्रॅम बहुतेक वेळा बिघडतो तो मात्र कुणालाच न सुचलेल्या जागी.

आपण ज्या चाल्मर्स विद्यापीठावरून ट्रॅमने येतो-जातो, तिथल्या कून क्लासेन आणि जॉन ह्यूज या दोघांनी २००० साली ‘क्विकचेक’ नावाचं एक छोटं साधन मांडलं. यात उदाहरणं माणसाने द्यायचीच नाहीत. त्याने फक्त नियम सांगायचा, म्हणजे आपला ताळा. मग संगणक मनाला येतील तशा शंभर संख्या किंवा याद्या तयार करतो आणि नियम कुठे मोडतो का ते पाहतो. उदाहरणार्थ, कुठलीही यादी दोनदा उलटी केली की मूळ यादी परत मिळाली पाहिजे.

हे साधन हॅस्केल या भाषेसाठी होतं. (हॅस्केल करी नावाच्या तर्कशास्त्रज्ञावरून हे नाव आलं. आपल्या करीशी त्याचा संबंध नाही, मी विचारून झालं आहे!) ही ‘फंक्शनल’ पद्धतीची भाषा. तिच्यातलं फंक्शन गणितातल्या फलासारखं असतं : तेच आत घातलं की तेच बाहेर येणार, आणि मागे काही सांडलवंड नाही. त्यामुळे ते शंभर वेळा चालवायला काहीच अडचण येत नाही.

अडचण येते ती नियम सुचण्यात. भागाकाराचाच ताळा घ्या. एखाद्या आळशी प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी ‘भागाकार शून्य, बाकी सगळीच्या सगळी’ असं उत्तर दिलं तर? १७ ला ५ ने भागलं : भागाकार ०, बाकी १७. ताळा बिनचूक जुळतो! म्हणून दुसराही नियम लागतो, की बाकी भाजकापेक्षा लहान हवी. वर्गात हे वाक्य आपण किती सहज म्हणून जातो, पण त्याच्याशिवाय भागाकाराला अर्थच राहत नाही.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. माझ्या बारा वर्षांच्या मुलाने गणेशोत्सवाचा खर्च कुटुंबांत वाटायचा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहिला. ४८०० क्रोन, २४ कुटुंबं, प्रत्येकी २००. छान. त्याच्या बाबांनी पायथॉनसाठी अशाच धर्तीवर केलेलं ‘हायपोथेसिस’ लावलं आणि एकच नियम दिला : सगळ्यांच्या वाट्यांची बेरीज एकूण खर्चाएवढी हवी. ६४३१ क्रोन आणि २३ कुटुंबं यांवर तो मोडला. वाटा पूर्ण क्रोनमध्ये २८० झाला आणि बेरीज ९ क्रोनांनी जास्त भरली. पण साधन तिथे थांबत नाही. ते उदाहरण लहान करत नेतं, नियम मोडतोच आहे तोवर आणखी लहान. शेवटी पडद्यावर उरलं : १ क्रोन, २ कुटुंबं, प्रत्येकी शून्य. पोरगा खो खो हसला आणि कुणी न सांगता दुरुस्तीला बसला. आता उरलेले क्रोन यादीतल्या पहिल्या काही कुटुंबांवर एकेक चढतात. ज्यांचं आडनाव ‘अ’ने सुरू होतं त्यांनी आधीच हरकत नोंदवली आहे.

याच लहान करण्याने मोठ्या जागीही काम केलं. स्टॉकहोमच्या क्लार्ना या पैशांचे व्यवहार करणाऱ्या कंपनीत माहिती साठवण्याच्या व्यवस्थेत दोन-एक महिन्यांनी मधूनच बिघाड होई. फाइल फार मोठी झाली की होत असेल, असा संशय होता. सहा आठवड्यांहून जास्त मेहनत त्यावर खर्ची पडली होती. ह्यूज यांच्या गटाने नियम लावला : कामं एकाच वेळी चालली तरी निकाल असा हवा, की ती कुठल्यातरी क्रमाने एकामागून एक केली असती तर तोच आला असता. एकाच वहीत दोघींनी एकदम लिहिलं तरी हिशेब पुसला जाऊ नये, तसं. साधनाने शोधलेलं उदाहरण लहान होत होत पाच-सहा आज्ञांवर आलं, आणि साठ्यात नोंद होती अवघी एक! मोठ्या फाइलचा काही संबंधच नव्हता. उदाहरण हाती आल्यावर दोष शोधून दुरुस्त करायला एक दिवसही लागला नाही.

आणि व्हॉल्वो. गाडीतले छोटे छोटे संगणक वेगवेगळे पुरवठादार करतात. त्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे ‘ऑटोसार’ नावाचे नियम आहेत. ब्रेकचा निरोप आणि रेडिओचा आवाज वाढवण्याचा निरोप एकाच तारेवरून जाणार असतील तर आधी कुणी जायचं, अशा गोष्टी त्यात येतात. ज्या गाडीत मुलांना मागे बसवून आपण शाळेत सोडतो, तिच्यातलीच ही व्यवस्था. ह्यूज यांच्या क्विविक कंपनीने सुमारे ३००० पानांच्या नियमांचे ताळे करून पुरवठादारांचे प्रोग्रॅम तपासले. २०० च्या वर दोष निघाले. त्यांतले शंभरएक प्रोग्रॅममध्ये नव्हतेच, ते त्या ३००० पानांत होते. पाठ्यपुस्तकाच्या मागची उत्तरंच चुकलेली निघावीत, तसं. तसं झालं की वर्गात पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येतं, हे शिकवलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे : मागचं पान न उघडता ताळा करणाऱ्या मुलाच्या.