घोड्याच्या नालासारखी मांडणी: चौघांचे काम तिघांत

शिरूर तालुक्यातील रांजणगावला मोटारी, फ्रिज आणि टीव्ही बनवणारे मोठे कारखाने आहेत. अशा कारखान्यांसाठी छोटे जोडकाम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांची अडचण पुष्कळदा मशीनची नसते, मांडणीची असते. टेबले भिंतीलगत सरळ ओळीत, एका टोकाला कच्चा माल, दुसऱ्या टोकाला तयार नग. मधल्या टेबलावर अर्धवट मालाचा ढीग आणि पुढचा माणूस रिकामा बसलेला! त्या ढिगात मालकाचेच भांडवल अडकलेले असते.

ही ओळ नालासारखी वाकवली तर काय होते, याचा हिशेब पाहा. समजा, मोटारीच्या वायरिंगचे काम आहे. आठ तासांच्या पाळीतून जेवण व नमाजचा अर्धा तास वगळला की २७,००० सेकंद उरतात. रोज ४५० नग द्यायचे, तर दर ६० सेकंदांना एक नग निघाला पाहिजे. वायर कापणे २२ सेकंद, टर्मिनल दाबणे ४०, कनेक्टर बसवणे १६, टेप गुंडाळणे ५२, तपासणी व पॅकिंग ३३.

सरळ ओळीत शेजारचीच कामे एकाला देता येतात. २२ आणि ४० मिळून ६२ होतात, म्हणजे दोन सेकंदांनी घोडे अडते! फक्त ४० व १६ जुळतात, म्हणून माणसे चार लागतात. पहिला तर प्रत्येक मिनिटात ३८ सेकंद मोकळा. नालात मात्र पहिले आणि शेवटचे टेबल समोरासमोर येतात. कापणारा मागे वळून तपासणीही करतो: २२ अधिक ३३, म्हणजे ५५. दुसऱ्याकडे ५६, तिसऱ्याकडे ५२. काम तिघांत बसले. शिवाय माल आत घेणारा आणि बाहेर काढणारा हात एकच असल्याने, एक नग निघाल्यावरच दुसरा आत जातो. ढीग साचत नाही.

ऑर्डर निम्म्यावर आली तर १२० सेकंदांच्या हिशेबाने दोघे पुरतात. जुम्याला एक तास जास्त सुटी दिली तर ३९० नग होतील. पार्टीला आकडा सांगताना तोच सांगावा.

टोयोटात ताइची ओहनो यांनी १९४७ साली मशीन शॉपमध्ये मशीन समांतर व काटकोनात मांडून एकेका कामगाराकडे तीन-चार मशीन दिली, तेव्हा कामगारांनी नाराजी दाखवली होती. आपल्याकडेही लेथवाला लेथ सोडून दुसऱ्या कामाला हात लावायला सहज तयार होत नाही. त्याला दुसरे काम शिकवायचे तर मजुरीही वाढवावी लागेल. आणि चौथा माणूस काढून टाकला, तर उरलेले तिघे मन लावून शिकणार नाहीत. त्याला दुसऱ्या ऑर्डरवर लावणे हेच फायद्याचे.

दौंड तालुक्यातील कुरकुंभला मुख्यतः रसायनांचे कारखाने आहेत. टाकीतल्या मालाला हा हिशेब लागू नाही. पण दौंड शहरातल्या शिलाई किंवा फर्निचरच्या कामाला तो लावून पाहता येईल.

आधी मशीन हलवू नका. घड्याळ घेऊन प्रत्येक काम दहा वेळा मोजा, मग जमिनीवर खडूने नाल आखा. मधली जागा एका माणसाला दोन पावलांत ओलांडता येईल एवढीच ठेवा आणि कच्च्या मालाची खोकी बाहेरच्या बाजूने भरा.