डोंबिवलीला सुचलेल्या संख्या

एक्सेलमध्ये १११११११११ चा वर्ग काढला, तर १२३४५६७८९८७६५४३०० हे उत्तर येतं. शेवटची दोन शून्यं आली कुठून, असा प्रश्न दिल्लीच्या हिंदुराव भागातल्या एका शाळकरी वाचकाने विचारला आहे. विषम संख्येचा वर्ग शून्यावर संपूच शकत नाही, हे त्याने बरोबर हेरलं. एक्सेल पंधराच अंक जपतं आणि त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्यं भरतं. खरं उत्तर सतरा अंकी आहे : १२३४५६७८९८७६५४३२१.

हा गुणाकार कागदावर मांडून बघाच. नऊ एकांची तीच ओळ नऊ वेळा येते, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, त्यापुढच्यात तीन, असं करत मधल्या रकान्यात नऊ होतात आणि मग एकेक कमी होत जातात. कुठेही हातचा येत नाही, म्हणून ही चढउतार उत्तरात जशीच्या तशी उमटते. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा निघतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या अंकांतला आठ गायब!

अशा संख्यांचा ध्यास घेतला तो दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. या संख्यांची कल्पना त्यांना जी.आय.पी. रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनात सुचली. त्या स्टेशनाचं तेव्हाचं नाव डेमलो, म्हणून या 'डेमलो संख्या'. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये त्यांचा लेख आला आणि पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकरांबरोबर त्यांनी या संख्यांचा सिद्धान्त मांडला.

त्यांची नजर कशी होती पाहा. आपल्या सतरा अंकी संख्येतला मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९, म्हणजे मधलाच अंक पुन्हा पुन्हा! १६५ मध्येही हेच दिसतं : १ आणि ५ मिळून मधला ६. आता सतरा अंकी संख्येतल्या सगळ्या अंकांची बेरीज करा, ८१ येते, आणि ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नावही कापरेकरांचंच. भागाकारही बघण्याजोगा आहे : १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. या १२३४५६७९ मध्येही आठ नाही!

कापरेकर म्हटलं की लोक ६१७४ या त्यांच्या नावाच्या स्थिरांकावर थांबतात. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. त्याआधी आपल्याकडच्या कित्येक गणितज्ञांनी त्यांचं काम पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेलं होतं. मला हा अन्याय वाटतो. दहाच्या पद्धतीत लिहिलेल्या अंकांची ही निव्वळ करामत, असा आक्षेप घेतला जातो. पण आठच्या पद्धतीत सात एकांचा वर्ग करा. १२३४५६७६५४३२१ येतो, पुन्हा तीच चढउतार. बाराच्या पद्धतीत अकरा एक घ्या, तिथेही तेच. पद्धत कुठलीही असो, तिच्या पायाहून एकाने कमी इतके एक घेतले की हातचा येत नाही. मास्तरांच्या आकडेमोडीखाली हा नियम आहे, आणि तो सिद्ध करायला सातवीतल्या मुलाला कागद-पेन्सिल पुरते.