जड वस्तू आधी पडते का?

गच्चीवरून एक वीट आणि एक खडा एकाच क्षणी खाली सोडला, तर जमिनीवर आधी काय पोहोचेल? बहुतेकांचे उत्तर 'वीट' असेच असते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचेही हेच मत होते आणि ते शतकानुशतके प्रमाण मानले गेले. प्रत्यक्षात मात्र दोन्ही वस्तू जवळजवळ एकाच वेळी खाली पोहोचतात.

इटलीच्या गॅलिलिओने १६३८मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या समजुतीतील विसंगती दाखवून दिली. जड दगड वेगाने आणि हलका दगड सावकाश पडतो असे मानले, तर दोघांना एकत्र बांधल्यावर हलका दगड जड दगडाला मागे खेचेल आणि ही जोडी जड दगडापेक्षा हळू पडेल. पण जोडीचे वजन तर जड दगडापेक्षा अधिक. म्हणजे ती अधिक वेगाने पडायला हवी. एकाच गृहीतकातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघत असतील, तर ते गृहीतकच चुकीचे ठरते. पिसाच्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकल्याची कथा प्रसिद्ध असली, तरी इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका आहे. गतीचे मोजमाप त्याने केले ते उतरत्या फळीवरून गोळे घरंगळवून.

असे का घडते, याचा उलगडा न्यूटनच्या नियमांनी झाला. वस्तूचे वस्तुमान दुप्पट झाले, की पृथ्वीची तिच्यावरील ओढही दुप्पट होते. मात्र तिला गती देण्यासाठी लागणारे बलही दुप्पट होते. हे दोन्ही परिणाम एकमेकांना छेद देतात आणि त्वरण सर्वांसाठी सारखेच राहते.

मग पीस तरंगत का येते? त्याचे कारण हवेचा विरोध. २ ऑगस्ट १९७१ रोजी 'अपोलो १५'चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने निर्वात चंद्रावर एका हाताने हातोडा आणि दुसऱ्या हाताने पीस सोडले. दोन्ही एकदमच खाली आले. पृथ्वीवर याच हवेचे आपल्यावर उपकार आहेत. दोन किलोमीटर उंचीवरून निघालेला पावसाचा थेंब हवा नसती तर ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने आदळला असता. हवेच्या विरोधामुळे मोठ्या थेंबाचाही वेग ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो.

विटेला किंवा कुंडीला मात्र हवेचा हा आधार फारसा मिळत नाही. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढत जातो. पहिल्या सेकंदात ती सुमारे ५ मीटर खाली येते. दोन सेकंदांत हे अंतर दुप्पट नव्हे, तर चौपट, म्हणजे सुमारे २० मीटर होते. त्या क्षणी तिचा वेग ताशी ७० किलोमीटर असतो. दहाव्या मजल्याच्या, म्हणजे साधारण ३० मीटर उंचीच्या कठड्यावरून निसटलेली कुंडी अडीच सेकंदांत ताशी ८५ किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येते. वरून 'बाजूला व्हा' अशी हाक ऐकून मान वर करण्यातच यातील बराचसा वेळ निघून जातो. बांधकामावर जाळ्या आणि हेल्मेट सक्तीचे असतात, ते यासाठीच. अर्धा किलोचा पानाही तेवढ्याच वेगाने खाली येत असतो.

हेच गणित उलटे मांडले, तर रस्त्यावरचा धोकाही स्पष्ट होतो. ताशी ५० किलोमीटर हा वेग म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडताना येणारा वेग. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आपण जपून उभे राहतो. पण त्याच वेगाने दुचाकी हाकताना हेल्मेट हँडलला अडकवून ठेवलेले असते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर केला, तर तुलनेची उंची १० मीटरवरून थेट ४० मीटरवर, तेराव्या मजल्याच्या आसपास जाते.