काळा पाषाण कसा वाहिला?

ऐन थंडीत काकवीची बरणी तिरकी केली तर काय होते? काकवी जागची हलायलाच तयार नसते! तीच बरणी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, की छान धार लागते. काकवी तीच, बरणी तीच. मग बदलले काय?

द्रव वाहतो म्हणजे त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. बरणीला लागून असलेला थर जवळजवळ स्थिर असतो. त्यापलीकडचे थर क्रमाने अधिक वेगाने जातात. नांदेडला गोदावरीच्या घाटावर उभे राहिलात, तर काठापाशी पाणी मंद आणि मध्यावर वेगवान दिसेल. सरकताना हे थर एकमेकांना विरोध करतात. द्रवाच्या या गुणधर्माला श्यानता म्हणतात. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात या विरोधाचा विचार मांडला.

जड द्रव तो अधिक श्यान, असे मात्र समजू नका. करडईचे तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्याहून हलके. तरी त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे पन्नास पट असते! श्यानता अवलंबून असते ती रेणूंच्या आकारावर आणि त्यांच्यातील आकर्षणावर. द्रव तापला की रेणूंची हालचाल वाढते, ते एकमेकांपासून सहज सुटतात आणि श्यानता घटते.

आता एक प्रयोग करा. ताटात एका बाजूला चमचाभर गार काकवी आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच कोमट काकवी ओता. कोमट काकवी चटकन पसरून पातळ थर होईल. गार काकवीचा काही वेळ लहानसा ढीग राहील. ती त्याच क्षणी थिजली असती, तर ढीग कायमचाच राहिला असता.

हाच प्रयोग निसर्गाने आपल्या मराठवाड्यात प्रचंड प्रमाणावर केला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून अकराशे अंश सेल्सियसहून अधिक तापलेला लाव्हा बाहेर पडला. त्यात सिलिका कमी होती, म्हणून त्याची श्यानता साधारण मधाएवढी किंवा त्याच्या काही पट होती. सिलिका भरपूर असलेला लाव्हा याहून लक्षावधी पट श्यान असू शकतो. त्याचे उंच ढीग बनतात. आपला लाव्हा मात्र दूरवर पसरला. दुधावर साय धरावी तसे त्यावर कवच धरले आणि आतला लाव्हा गरम राहून वाहतच राहिला. आंध्रातील राजमहेंद्रीजवळचा बेसाल्ट असाच सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला असावा, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात.

असे थरावर थर साचले. म्हणूनच बालाघाटाचे माथे सपाट आहेत. १९९३च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारीला खोल छिद्र घेऊन पाहिले, तेव्हा हे थर ३३८ मीटर जाडीचे भरले. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे मात्र त्यांच्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा दिसतो.

या थरांशी आपल्या विहिरींचेही नाते आहे. लाव्हातील वायूचे बुडबुडे वर चढत होते. पण वरचा भाग गार होऊन श्यानता वाढली आणि ते तिथेच अडकले. म्हणून प्रवाहाचा वरचा भाग सच्छिद्र आणि मधला घट्ट झाला. झिजलेल्या, सच्छिद्र थरात पाणी मुरते. घट्ट पाषाणात ते फक्त भेगांतून शिरते. त्यामुळे आपल्या खडकात पाणी मावते ते बेताचेच. २०१६च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्ही ऐकले असेलच. पावसाळ्यात मुरवलेला प्रत्येक थेंब इथे मोलाचा आहे.

वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन एखादी जुनी, न बांधलेली विहीर पाहा. तिच्या भिंतीत घट्ट आणि सच्छिद्र थर ओळखता येतात का? पाझर नेमका कोणत्या थरातून येतो, हे वहीत टिपून ठेवा.