गोल करवतीवरील मापदर्शकाची अचूकता

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील साग मौल्यवान होय. २०२३ मध्ये अयोध्येतील राममंदिरासाठी सागवान येथूनच पाठविण्यात आले. अशा लाकडाच्या चिराईत २० मिमीची प्रत्येक पट्टी १ मिमी जास्त निघत राहिल्यास वीस पट्ट्यांमागे सुमारे एक पट्टी हातची जाते. करवतीच्या टेबलावरील गाइडचा मापदर्शक काटा बहुधा अविश्वसनीय मानला जातो. वस्तुतः दोष काट्याचा कमी, जुळणीचा अधिक. अंतर पात्याच्या अंगापासून नव्हे, तर गाइडकडे झुकलेल्या दाताच्या टोकापासून धरावयाचे असते. पाते बदलताच हे टोक सरकते. म्हणून प्रथम एक तुकडा चिरून व्हर्निअर कॅलिपरने मोजावा आणि गाइड न हलविता काटा त्या मापावर घट्ट करावा. काट्याची रेघ बारीक व मापपट्टीला जवळजवळ टेकलेली असावी; अन्यथा तिरक्या नजरेने वाचन चुकते.