आणीबाणी : सही राष्ट्रपतींची, सत्ता कोणाची?

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात आणीबाणी नुसती पाठ्यपुस्तकात राहिली नाही. १९७५ ते १९७७ या काळात इथल्या अनेक घरांतली माणसं मिसा या प्रतिबंधात्मक अटकेच्या कायद्याखाली ठाणे, नाशिक रोड, येरवडा अशा तुरुंगांत होती. स्वतः स्थानबद्धता भोगलेले रामभाऊ म्हाळगी १९७७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. आणीबाणीच्या अधिकारांना लगाम घालणारी ४४वी घटनादुरुस्ती त्याच लोकसभेने केली.

तरीही सीमेवर तणाव वाढला किंवा राज्यात सरकार अडलं की "राष्ट्रपतींनी मनावर घेतलं तर उद्या आणीबाणी लागेल, लष्कर रस्त्यावर येईल" अशी वाक्यं लोकलच्या डब्यापासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत फिरू लागतात. त्यातले सात गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : आणीबाणी लावायची की नाही, हे राष्ट्रपती ठरवतात.

वस्तुस्थिती : घोषणेवर सही राष्ट्रपतींची असते, निर्णय मंत्रिमंडळाचा. कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावं लागतं. फार तर एकदा ते सल्ला फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला, तर मान्य करावा लागतो.

२५ जून १९७५ च्या रात्री मात्र मंत्रिमंडळाला विचारलंच गेलं नव्हतं. इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांना पत्र पाठवलं. मंत्रिमंडळाची बैठक न घेता पंतप्रधानांना निर्णय घेऊ देणाऱ्या केंद्र सरकारच्या कामकाज नियमावलीतल्या नियम १२ चा आधार घेतला, आणि राष्ट्रपतींनी सही केली. मंत्र्यांना ही गोष्ट दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या बैठकीत कळली.

४४व्या घटनादुरुस्तीने ही वाट बंद केली. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना कलम ३५२ खाली घोषणा करता येत नाही. पूर्वी 'अंतर्गत अशांतता' एवढं मोघम कारण पुरत असे. आता युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड यांपैकी एक कारण लागतं. महिन्याभरात संसदेच्या दोन्ही सभागृहांना विशेष बहुमताने मान्यता द्यावी लागते आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागते. लोकसभेने साध्या बहुमताने नको म्हटलं, तर आणीबाणी उठवावीच लागते. त्यासाठी एक दशांश खासदारांनी लेखी मागणी केली, की १४ दिवसांत खास बैठक बोलवावी लागते.

गैरसमज २ : तिन्ही दलांचं सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे, म्हणून लष्कर त्यांच्या शब्दावर चालतं.

वस्तुस्थिती : कलम ५३ ने सेनापतिपद राष्ट्रपतींना दिलं आणि त्याच वाक्यात सांगितलं, की ते कायद्याने ठरवून दिल्याप्रमाणेच चालेल. प्रत्यक्षात लष्कर संरक्षण मंत्रालय आणि मंत्रिमंडळाला उत्तरदायी असतं.

आपल्या परिसरात लष्कर कशासाठी आलं, हे आठवून पाहा. एल्फिन्स्टन रोड स्थानकातल्या २०१७ च्या चेंगराचेंगरीनंतर तीन ठिकाणी पादचारी पूल बांधण्याचं काम लष्कराला दिलं गेलं. त्यातलं एक स्थानक कल्याणजवळचं आंबिवली. तो निर्णय संरक्षणमंत्री, रेल्वेमंत्री आणि मुख्यमंत्री यांनी मिळून जाहीर केला होता. लष्कराला असं काम द्यावं का, यावर तेव्हा वादही झाला. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे हजार प्रवाशांच्या सुटकेसाठी एनडीआरएफच्या मदतीला नौदल आणि हवाई दल धावून आलं. दोन्ही वेळी देशात आणीबाणी नव्हती.

दंगलीत लष्कराची मदत घ्यायलाही आणीबाणी लागत नाही. मे १९८४ च्या भिवंडी दंगलीत लष्कर बोलवावं लागलं होतं. हा अधिकार तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेत होता. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ नुसार जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी जमाव पांगवण्यासाठी सशस्त्र दलांची मदत मागू शकतात.

एक उणीव मात्र मान्य करायला हवी. युद्धात उतरण्याआधी संसदेचं मत घ्यावंच, असं आपली घटना सांगत नाही. अमेरिकेत युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसकडे आहे. १९७३ च्या कायद्याने तिथल्या अध्यक्षांना सैन्य उतरवल्यापासून ४८ तासांत काँग्रेसला कळवावं लागतं, आणि मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांनी सैन्य माघारी घेण्याचं बंधन येतं. आपल्याकडे सरकारला आवरण्याची साधनं म्हणजे अर्थसंकल्प, संसदेतले प्रश्न आणि अविश्वास ठराव. म्हणून खासदार सभागृहात काय विचारतो, याला इथे जास्त मोल आहे.

गैरसमज ३ : आणीबाणी म्हणजे लष्करी राजवट.

वस्तुस्थिती : १९७५ मध्ये घरोघरी आले ते पोलीस. अटकेचे हुकूम मुलकी अधिकाऱ्यांनी काढले आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवला तो सरकारनेच. सत्ता शेवटपर्यंत निवडून आलेल्या सरकारच्या हातात होती. गणवेशातला सैनिक दिसत नाही म्हणजे स्वातंत्र्य शाबूत आहे, असं समजू नये, हा त्या २१ महिन्यांचा धडा आहे.

गैरसमज ४ : आणीबाणीत सगळे हक्क जातात आणि कोर्टाचे दरवाजे बंद होतात.

वस्तुस्थिती : एकदा हे खरंच घडलं. मिसाबंदींना दाद मागता येते, असं देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी सांगितलं होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवलं. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना उभे राहिले. पुढे त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश करण्यात आलं. बहुमताच्या बाजूने असलेल्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते.

४४व्या दुरुस्तीने कलम २० आणि २१ ला कायमचं संरक्षण दिलं. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बजावण्यासाठी आता आणीबाणीतही कोर्टात जाता येतं. भाषण, संघटना, संचार अशी कलम १९ मधली स्वातंत्र्यं युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणाने लागलेल्या आणीबाणीतच आपोआप थांबतात, सशस्त्र बंडाच्या नाही. आणीबाणीच्या घोषणेला कोर्टात आव्हानच देता येऊ नये, अशी तरतूद १९७५ मध्ये ३८व्या दुरुस्तीने घातली होती. तीही काढून टाकली गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला. ते निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं, म्हणजे यशवंतरावांच्या चिरंजीवांचं. चूक सुधारली गेली, पण चार दशकांनी.

गैरसमज ५ : राष्ट्रपती राजवट म्हणजे आणीबाणीच.

वस्तुस्थिती : ती कलम ३५६ खालची वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्रात ती १९८०, २०१४ आणि २०१९ अशी तीनदा लागली. त्या काळात नागरिकांचे मूलभूत हक्क आणि उच्च न्यायालयाचे अधिकार जसेच्या तसे राहतात. संसदेला दोन महिन्यांत मान्यता द्यावी लागते. एका वर्षापुढे ती न्यायची, तर देशात किंवा राज्यात आणीबाणी असायला हवी आणि निवडणूक घेणं कठीण असल्याचा निवडणूक आयोगाचा दाखलाही हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने सांगितलं, की बहुमताचा फैसला राजभवनात नव्हे, विधानसभेत व्हायला हवा, आणि ही घोषणा न्यायालय तपासू शकतं.

इथे एक फट अजून उघडी आहे. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि थोड्याच वेळात नव्या सरकारचा शपथविधी झाला. त्या रात्री मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. वापरला गेला तो १९७५ चाच नियम १२. कलम ३५२ ला जी लेखी निर्णयाची अट घातली गेली, ती कलम ३५६ ला नाही. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने विधानसभेत बहुमत सिद्ध करायला सांगितलं, तेव्हा ते सरकार मतदानाआधीच पायउतार झालं.

गैरसमज ६ : कोरोनातली टाळेबंदी ही आणीबाणीच होती.

वस्तुस्थिती : मार्च २०२० ची टाळेबंदी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली लागली. जोडीला प्लेगच्या साथीत, १८९७ मध्ये झालेला साथरोग कायदा होता. जुलै २०२० मध्ये ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी झाली, ती महापालिका आयुक्तांच्या आदेशाने. त्याच काळात गुजरात सरकारने साथीचं कारण देऊन कारखान्यांना कामगारांकडून जादा तास काम करून घ्यायची आणि दुप्पट ओव्हरटाइम न देण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये तो आदेश रद्द केला. साथ गंभीर असली, तरी कारखाने कायद्याच्या अर्थाने ती सार्वजनिक आणीबाणी ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. डोंबिवली एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या कामगारानेही हा निकाल लक्षात ठेवावा.

गैरसमज ७ : आता १९७५ पुन्हा घडणं शक्य नाही.

वस्तुस्थिती : अटी कडक झाल्या, पण दोन्ही सभागृहांत प्रचंड बहुमत आणि गप्प बसणारे खासदार असतील, तर त्या पार करता येतात. शिवाय एक काम अर्धवटच राहिलं. प्रतिबंधात्मक अटकेत सल्लागार मंडळाच्या मताशिवाय किती काळ डांबता येईल, ती मुदत ४४व्या दुरुस्तीने तीन महिन्यांवरून दोनवर आणली होती. ते कलम आजवरच्या कोणत्याही सरकारने लागू केलेलं नाही. संसदेने मंजूर केलेली सुधारणा चार दशकांहून अधिक काळ कागदावर आहे, आणि आणीबाणी नसतानाही माणसाला खटल्याविना तीन महिने आत ठेवता येतं.

म्हणून असाधारण अधिकाराचा कुठलाही हुकूम आला, की नागरिकाने तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या कलमाखाली? निर्णय कोणी घेतला आणि तो लेखी आहे का? मुदत कधी संपते? तिन्हीची उत्तरं सरकारी अधिसूचनेत असायला हवीत. नसतील, तर खासदाराला पत्र लिहा, माहितीचा अर्ज टाका, वेळ पडली तर कोर्टात जा. घटनेने घातलेल्या मर्यादा कोणीतरी बोट ठेवून दाखवल्याशिवाय सत्तेला दिसत नाहीत. तुरुंगाची किंमत देऊन ज्यांनी या मर्यादा मिळवल्या, त्यांच्या गावांत राहणाऱ्या आपण ते काम दुसऱ्यावर सोडू नये.